उक्तं की बटाईनं?

गेल्या दिवाळीत फैजपूरला घरी गेलो, तेव्हा नानांनी माझ्यापुढे दोन पानांचा एक करार ठेवला. म्हणाले, "तू रोज कॉम्प्युटरवर एवढं वाचतो, हे पण वाचून दे. मराठीच आहे, पण मले कळत नाही."

नाना म्हणजे माझे वडील. त्यांनी आयुष्यभर हायस्कूलात मराठी शिकवलं. सुट्टीच्या दिवशी ते सायकलवर, नंतर लुनावर, आसपासच्या गावांत जायचे आणि म्हाताऱ्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी, लेवा बोलीतले शब्द लिहून घ्यायचे. अशी पाच रजिस्टरं भरली आहेत. प्रत्येक ओवीखाली बाईचं नाव, गाव आणि तारीख. आता कुठे एका प्रकाशकानं पुस्तक काढायची तयारी दाखवली होती.

करारातलं तिसरं कलम मी दोनदा वाचलं. पुस्तकाचे सर्व हक्क कायमचे प्रकाशकाकडे, आणि मोबदला म्हणून लेखकाला पन्नास प्रती. रॉयल्टी हा शब्द दोन पानांत कुठेच नव्हता.

"नाना, यात तुमच्याकडे काहीच उरत नाही."

"नाव उरतं ना कव्हरवर. मले काय पैसे कमवायचे हायेत?"

मी गप्प बसलो. कारण माझी गंमत वेगळीच आहे. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. रुजू होताना मीही सही करून टाकली आहे की, मी लिहीन तो सगळा कोड कंपनीचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 हेच सांगतं. लिहिणारा हा पहिला मालक, पण नोकरीत लिहिलं आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर मालक कंपनी. मला त्याचं वाईट वाटत नाही, दर महिन्याला पगार येतो. नानांना मात्र या रजिस्टरांचा पगार कुणी दिलेला नाही. पेट्रोलसुद्धा खिशातलं.

मग सुट्टीचे उरलेले दिवस मी कायदा आणि पुस्तकांचा इतिहास वाचण्यात घालवले. सुरुवात केली ती आमच्याच खान्देशातल्या पुस्तकांपासून.

रेतीची पावती

आमच्याकडे 'रॉयल्टी' हा शब्द पुस्तकामुळे कुणाला माहीत नाही. तो माहीत आहे रेतीच्या ट्रॅक्टरमुळे. नदीतून रेती उचलली की सरकारला ब्रासमागे पैसे भरावे लागतात. पावती नसेल तर तलाठी ट्रॅक्टर अडवतो.

शब्दाचं मूळही तिथेच आहे. जमिनीच्या पोटातलं खनिज राजाचं, म्हणून जो ते काढील त्यानं राजाचा वाटा द्यायचा. तो 'रॉयल' हक्क म्हणजे रॉयल्टी. पुढे यंत्राचा शोध लावणाऱ्याला आणि मग पुस्तक लिहिणाऱ्याला मिळणाऱ्या वाट्यालाही तोच शब्द लागला. मराठीत सरकारी शब्द आहे स्वामित्वधन. जितका माल उचलला तितका मालकाचा वाटा, एवढाच त्याचा अर्थ.

शेतीत आपण हे रोज करतो. जमीन दुसऱ्याला कसायला देताना दोन रस्ते असतात. एक, उक्तं. ठरलेली रक्कम आधी घ्यायची, मग पीक सोन्यासारखं येवो की करपून जावो. दुसरा, बटाई. येईल त्यात वाटा. पुस्तकातही हेच दोन रस्ते आहेत. एकरकमी मोबदला म्हणजे उक्तं, रॉयल्टी म्हणजे बटाई.

उक्त्याचं एक प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधलं आहे. कवी जॉन मिल्टननं 1667 मध्ये 'पॅरडाइज लॉस्ट'साठी सॅम्युएल सिमन्स या मुद्रकाशी करार केला. सही करताना पाच पौंड, आणि पहिल्या तीन आवृत्त्यांतली प्रत्येक आवृत्ती विकली गेली की आणखी पाच. म्हणजे थोडं उक्तं, थोडी बटाई. मिल्टनच्या हयातीत त्याला दोनदा पाच पौंड मिळाले. तो गेल्यावर 1680 मध्ये त्याच्या विधवेनं उरलेले सगळे हक्क आठ पौंडांत देऊन टाकले. एकूण अठरा पौंड. पुस्तक आजही छापलं जातं.

तेव्हा लेखकाच्या बाजूनं कायदाच नव्हता. तो इंग्लंडमध्ये 1710 ला आला. आपल्याकडे कंपनी सरकारचा पहिला कायदा 1847 चा, मग ब्रिटिश कायद्यावर बेतलेला 1914 चा, आणि स्वतंत्र भारताचा 1957 चा, जो 21 जानेवारी 1958 पासून लागू झाला.

गुरुजींच्या पाच रात्री

फैजपूरच्या माणसाला 1936 विचारावं लागत नाही. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन आमच्याकडे झालं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, नगराची सजावट नंदलाल बोस यांची. आणि त्यासाठी खान्देशात गावोगाव फिरणाऱ्यांत होते साने गुरुजी.

गुरुजी कोकणातले, पण अमळनेरच्या हायस्कूलात शिक्षक झाले आणि खान्देशचेच होऊन गेले. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती शब्दशः उतरवून घेतली गुरुजींनी. त्यातून 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं. बोलणारा एक, लिहिणारा दुसरा. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

त्यानंतर नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी 1933 मध्ये, गुरुजींनी पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली. दिवसा तुरुंगातलं काम, लेखन बहुतेक रात्री. 1935 साली पुस्तक आलं. पुणे विद्यार्थी गृहानं ते वर्षानुवर्षं छापलं. 1953 मध्ये आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला आणि राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी सुवर्णकमळ मिळवलं.

गुरुजी 11 जून 1950 रोजी गेले. कॉपीराइट लेखक गेल्यावर संपत नाही. 1957 च्या कायद्यात मुदत होती मृत्यूनंतर पन्नास वर्षं, आणि ती मोजायची पुढच्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून. म्हणजे गुरुजींच्या पुस्तकांचे हक्क 2000 च्या अखेरीस संपायचे. पण मध्येच रवींद्रनाथ टागोर आले! ते 1941 मध्ये गेले, त्यांच्या साहित्याचे हक्क विश्वभारतीकडे होते आणि ते 1991 च्या अखेरीस संपणार होते. तेव्हा मुदत वाढवायची मागणी झाली आणि 1992 च्या दुरुस्तीनं पन्नासची साठ वर्षं झाली. ती सगळ्यांनाच लागू झाली. शांतिनिकेतनसाठी बदललेल्या कायद्यानं 'श्यामची आई'ची मुदतही 31 डिसेंबर 2010 पर्यंत गेली.

1 जानेवारी 2011 पासून ते पुस्तक सगळ्यांचं आहे. कुणीही छापावं, कुणाची परवानगी नको. म्हणून आज त्याच्या वेगवेगळ्या प्रकाशनांच्या आवृत्त्या दिसतात.

मी नानांना हिशेब सांगितला. 1935 ते 2010, म्हणजे पंचाहत्तर वर्षं पुस्तकाला कुणीतरी मालक होता. सही करताना लेखकाला दिसते ती पहिली आवृत्ती. सही होते ती मात्र पुढच्या सगळ्या आवृत्त्यांवर. केळीच्या भाषेत सांगायचं तर घडाचा सौदा करायला बसतो आणि खालची पिलंही देऊन येतो.

"पिलबाग पण गेला म्हण," नाना म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी चष्मा लावून करार पुन्हा हातात घेतला.

जी लिहीत नव्हती, तिचा हक्क

नानांच्या रजिस्टरांना खरी जवळची गोष्ट बहिणाबाई चौधरींची आहे. जन्म असोद्याचा, 1880. सासर जळगाव. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि जात्यावर गाणी रचायच्या. मुलगा सोपानदेव आणि त्यांचा मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती लिहून ठेवली. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी वही आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्रे हरखून गेले आणि 1952 मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. अत्र्यांनीच प्रस्तावना लिहिली. 1961 च्या 'मानिनी' चित्रपटात ती गाणी घराघरात पोचली. 2018 मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. ज्या बाईनं शाळा पाहिली नाही, तिचं नाव आज हजारो मुलांच्या डिग्रीवर छापलं जातं, त्यात माझ्या चुलतबहिणीची डिग्रीही आली.

बहिणाबाईंच्या हयातीत पुस्तक नव्हतं, त्यामुळे रॉयल्टीचा प्रश्नच नव्हता. पण कायद्यात अशा पुस्तकांसाठी वेगळं कलम आहे, 24. लेखक गेल्यावर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या साहित्याची साठ वर्षं मृत्यूपासून मोजत नाहीत, प्रसिद्धीपासून मोजतात. त्या हिशेबानं 1952 च्या पुस्तकाचे हक्क 2012 च्या अखेरपर्यंत पोचतात.

इथे दोन गोष्टी दिसतात. एक, लिहून घेणारा नसता तर हे काहीच उरलं नसतं. दुसरी, लिहून घेणाऱ्यांनी कव्हरवर आईचं नाव ठेवलं, म्हणून आज आपण त्यांना कवयित्री म्हणतो. 'खान्देशी लोकगीते, संकलक अमुक' असं पुस्तक निघालं असतं, तर ती बाई हरवून गेली असती.

नानांच्या रजिस्टरांत पन्नासेक बाया आहेत. त्यातल्या काही ओव्या पिढ्यानपिढ्यांच्या आहेत, त्यांचा कुणी एक मालक नाही. संकलनाची निवड आणि मांडणी नानांची, तेवढ्यावर त्यांचा हक्क आहे. पण काही ओव्या त्या त्या बाईनं स्वतः रचलेल्या आहेत. स्वतःच्या भावावर, स्वतःच्या मेलेल्या लेकरावर. त्या ओव्यांची पहिली मालक ती बाईच. म्हणजे नाना जे 'कायमचं' देऊन टाकायला निघाले होते, त्यातलं काही त्यांचं नव्हतंच.

हे मी बोललो तेव्हा नाना बराच वेळ काही बोलले नाहीत.

विकलं की वापरायला दिलं?

पुस्तक प्रकाशकाला देण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक हस्तांतरण, म्हणजे हक्कच त्याच्या नावे करणं. दुसरी परवाना, म्हणजे हक्क आपला, छापायची मुभा त्याची. घर विकणं आणि भाड्यानं देणं यात जो फरक, तोच. पण कराराची भाषा मोघम असली की हा फरक पुसट होतो. वि. स. खांडेकरांच्या पुस्तकांवरून त्यांचे वारस आणि देशमुख आणि कंपनी यांच्यातला वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला, त्याचा 2005 चा निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही याच मुद्द्यासाठी वाचतात: दिलं ते हस्तांतरण होतं की परवाना? खांडेकर 1976 मध्ये गेले होते. ज्यानं सही केली, त्याला विचारायची सोय उरली नव्हती.

याच देशमुख आणि कंपनीनं 1963 मध्ये आमच्या यावल तालुक्यातल्या सांगवीच्या एका पोराची पहिली कादंबरी काढली होती. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला'. पुढे ती पॉप्युलर प्रकाशनाकडे गेली आणि आजही छापली जाते. पुस्तक एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ शकतं, हे नानांना मी याच उदाहरणानं पटवलं. नेमाडे म्हटल्यावर ते ऐकतात.

1957 च्या कायद्याचं कलम 19 लेखकाच्या बाजूनं बऱ्याच गोष्टी सांगतं. हस्तांतरण लेखी हवं, त्यावर सही हवी. कोणतं पुस्तक, कोणते हक्क, किती वर्षं, कोणत्या प्रदेशासाठी, आणि रॉयल्टी किती, हे लिहायला हवं. वर्षं लिहिली नसतील तर पाच वर्षंच धरायची. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क घेऊन एका वर्षात वापरले नाहीत, तर वेगळं काही ठरलेलं नसेल तर ते परत लेखकाकडे येतात. म्हणजे लेखकानं कराराकडे दुर्लक्ष केलं तरी कायदा थोडं सांभाळून घेतो. पण 'कायमस्वरूपी' हा शब्द वाचून त्याखाली सही केली, तर तो पाच वर्षांचा आडोसा जातो. नानांच्या करारात तोच शब्द होता.

दहा टक्के, पण कशाचे?

मग आम्ही जेवणाच्या टेबलावर आकडे मांडले. समजा पुस्तकाची किंमत 250 रुपये आणि आवृत्ती हजार प्रतींची. छापील किमतीवर 10 टक्के म्हणजे प्रतीमागे 25 रुपये. सगळ्या प्रती खपल्या तर 25,000. पण करारात 'निव्वळ विक्रीवर 10 टक्के' असं असेल, आणि वितरक-दुकानदाराला समजा 40 टक्के गेले, तर प्रकाशकाच्या हाती येतात 150 रुपये आणि लेखकाला 15. टक्का तोच, हजार प्रतींमागे फरक 10,000 चा. त्यामुळे 'किती टक्के' विचारण्याआधी 'कशाचे' हे विचारावं.

आयकर कायद्यातही एक खूण सापडली. 1961 च्या कायद्यात लेखकांच्या रॉयल्टीला 80 क्यूक्यूबी या कलमानं तीन लाखांपर्यंत वजावट दिली. एकरकमी मोबदला नसेल तर मात्र विकलेल्या पुस्तकांच्या किमतीच्या 15 टक्क्यांपर्यंतचीच रॉयल्टी त्यात धरायची. म्हणजे 10 किंवा 15 टक्के मागणं हे काही उद्धटपणाचं नाही. सरकारनंही तोच अंदाज धरला होता.

प्रकाशकाची बाजूही आहे. कागद, अक्षरजुळणी, छपाई, बांधणी, सगळे पैसे आधी त्याचे जातात. न खपलेल्या प्रती त्याच्याच गोदामात पडतात. बोलीभाषेतल्या ओव्यांचं पुस्तक किती खपेल, हे त्यालाही माहीत नसतं. म्हणून बटाई दोघांच्या सोयीची आहे. खपलंच नाही तर त्याला काही द्यावं लागत नाही, खपलं तर दोघांना मिळतं.

अडचण असते हिशेबाची. माझं ॲप कितीजणांनी डाउनलोड केलं ते मला बसल्या जागी दिसतं. पुस्तक किती विकलं गेलं ते फक्त प्रकाशकाला दिसतं. म्हणून वर्षातून एकदा लेखी हिशेब, आवृत्ती म्हणजे किती प्रती, आणि पुस्तक बाजारात मिळेनासं झालं तर हक्क परत, हे करारात लिहून घ्यायचं. ई-बुक, ऑडिओ आणि भाषांतर हे वेगळे हक्क आहेत. मागितल्याशिवाय देऊ नयेत.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नानांनी लाल पेन काढलं. पेपर तपासतात तसा करार तपासला. 'कायमस्वरूपी' खोडून 'पाच वर्षे' लिहिलं. 'छापील किमतीच्या दहा टक्के' घातलं. ऑडिओचे हक्क काढून घेतले, कारण त्यातल्या तीन बायांचे आवाज त्यांच्याकडे कॅसेटवर आहेत. शेवटी स्वतःच्या मनानं एक कलम लिहिलं. स्वतः रचलेल्या ओव्या देणाऱ्या बायांची किंवा त्यांच्या घरच्यांची लेखी संमती आम्ही आणू, आणि रॉयल्टीतला अर्धा वाटा त्यांचा.

"आणि पैसे अर्धे करून काय येणार त्यांच्या हातात? शंभर-दोनशे रुपये," मी म्हणालो.

"येऊ दे. पावती तर राहीन."

प्रकाशकाचा फोन आठवड्यानं आला. पाच वर्षं त्याला चालतात. 10 टक्क्यांवर तो साडेसातला तयार आहे. पण प्रत्येक ओवीखालचं नाव-गाव काढा म्हणतो, त्यानं पानं वाढतात, त्यापेक्षा शेवटी आभार मानू.

नानांनी साडेसात टक्के मान्य केले. नावांवर अडून बसलेत. करार अजून टेबलावरच आहे, पाचव्या रजिस्टराखाली. त्या रजिस्टरात पान 112 वर माझ्या आजीचं नाव आहे. तिला सही करता येत नव्हती.